बुलेटवाल्याने होंडा घ्यावी का? क्लासिक ३५० की हायनेस सीबी३५०

रॉयल एनफिल्डची क्लासिक आणि होंडाची हायनेस, दोन्ही साधारण ३५० सीसी, एकाच सिलिंडरच्या. क्लासिकचा टॉर्क (इंजिनाची ओढ) २७ न्यूटन-मीटर, वजन १९५ किलो. हायनेसचा ३०, वजन १८१. तोरणमाळच्या घाटात वळणावर गाडी आडवी करताना हे १४ किलो हाताला कळतात. टाकी १३ विरुद्ध १५ लिटर.

जळगावच्या मे महिन्यात सिग्नलला उभं राहिलं की ऑइल तापून पातळ होतं, न्यूट्रल सापडत नाही. दोन्हींत इंजिन पाण्याने थंड करणारा रेडिएटर नाही, त्यामुळे ब्रँड बदलून उन्हाळा टळत नाही. मात्र होंडाचा स्लिप-असिस्ट क्लच हलका, मनगट दुखत नाही.

खरी अडचण सर्व्हिसची. हायनेस होंडाच्या बिगविंग या मोठ्या गाड्यांच्या शोरूममध्येच मिळते. गावाकडचा मेकॅनिक बुलेट उघडतो, हिला हात लावायला कचरतो. धुळे-नंदुरबारकरांनी आधी सर्व्हिस सेंटरचं अंतर मोजावं. बुलेटच्या आवाजाची सवय मात्र सुटता सुटत नाही.