पंधरा ऑगस्टची पोस्टाची पावती (डिसॅबिलिटी पेन्शनची अपील करणाऱ्यांनी वाचा)

माजी सैनिक भावांनो आणि ताईंनो, हे लिहू लिहू म्हणत दोन वर्षं गेली. घरचे म्हणायचे जाऊ दे, गावात चर्चा नको. पण परवा कळलं की आपल्याच तालुक्यातला एक रिटायर नाईक मला फसवलेल्या त्याच एजंटाकडं ओरिजिनल कागद ठेवून आलाय, मग राहवलं नाही. उजवा हात दुखतो म्हणून डाव्या अंगठ्यानं टाइप करतोय, चुका पोटात घाला.

२००९ च्या जानेवारीत कुपवाड्याला पेट्रोलिंगमध्ये बर्फावरनं पाय सटकला आणि पडताना उजवा तळहात टेकला. एक्सरेत काही दिसलं नाही, कागदावर 'स्प्रेन' लिहिलं, क्रेप बँडेज आणि लाइट ड्यूटी. खरं तर स्कॅफॉइड मोडलं होतं. अंगठ्याच्या मुळाशी मनगटात काजूएवढं हाड असतं ते, त्याचं फ्रॅक्चर पहिल्या एक्सरेत बऱ्याचदा दिसतच नाही आणि त्याला रक्तपुरवठा कमी म्हणून ते जुळायलाही त्रास देतं. माझं जुळलंच नाही. चार महिन्यांनी दुसऱ्या हॉस्पिटलात कळलं तोवर मनगट आखडलं होतं, मग लो मेडिकल कॅटेगरी. आज गाईची धार काढायला बसलो की पाच मिनिटांत अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ जाते, भरलेली किटली डाव्या हातानंच उचलावी लागते.

३१ जानेवारी २०१७ ला हवालदार म्हणून पेन्शन आलो. रिलीज मेडिकल बोर्डानं, म्हणजे निवृत्तीच्या वेळी तपासणाऱ्या फौजी डॉक्टरांनी, २० टक्के अपंगत्व दिलं, आयुष्यभरासाठी, पण खाली शेरा मारला 'नाना'. म्हणजे हे दुखणं सर्व्हिसमुळं झालेलंही नाही आणि सर्व्हिसमुळं वाढलेलंही नाही. कारण काय तर पहिला कागद स्प्रेनचा आणि इंज्युरी रिपोर्ट फाइलला नाही. जूनमध्ये डिसॅबिलिटी पेन्शनचा क्लेम रिजेक्ट झाल्याचं पत्र आलं, त्यात शेवटी लिहिलेलं की सहा महिन्यांत अपील करता येईल. ती ओळ मी वाचली होती हो, आणि इथंच घात झाला.

कॅन्टीनच्या बाहेर एक जण भेटला. पांढरा शर्ट, हातात फायलींचा गठ्ठा, बोलणं सगळं फौजी, "राम राम हवालदार साब, बोर्ड कधी झालं?" म्हणाला मी पण एक्स सर्व्हिसमन, वरपर्यंत ओळख आहे, तुमच्यासारख्या पन्नास जणांचं करून दिलंय. ४५ हजार आधी आणि एरिअर्स (मागची थकबाकी) आले की त्यातले ३० टक्के. आपल्याच पेशातला माणूस म्हटल्यावर संशय येतच नाही, आणि हे लोक नेमका त्याचाच फायदा घेतात. पीपीओ (पेन्शनचा आदेश), डिस्चार्ज बुक, बोर्डाची कॉपी सगळं ओरिजिनल घेतलं, कोऱ्या वकीलपत्रावर सह्या घेतल्या आणि सही केलेले तीन कोरे चेक, "ही नुसती फॉर्मॅलिटी" म्हणून. पंधरा दिवसांनी स्पीड पोस्टच्या पावतीची झेरॉक्स आणून दिली, अपील गेलं म्हणाला. मी ती पावती देवाच्या फोटोमागं ठेवली.

मग वर्षभर "फाइल दिल्लीला आहे." २०१९ ला अजून ३० हजार, री-सर्व्हे बोर्डाला, म्हणजे फेरतपासणीला, साहेबांना द्यायला म्हणून. त्याच वेळी एका प्रायव्हेट डॉक्टरचं ४० टक्क्यांचं सर्टिफिकेट घेऊन आला आणि मला म्हणतो, बोर्डापुढं मनगट वाकवायचंच नाही, दाताखाली जीभ धरा. अहो ते लोक कोनमापक लावून मोजतात, पुढून मागून, दोन्ही हात, आणि टक्के ठरवतो फौजेचा मेडिकल बोर्ड, बाहेरच्या सर्टिफिकेटावर नाही. खोटं पकडलं गेलं असतं तर माझं खरं दुखणंही खोटं ठरलं असतं. ते सर्टिफिकेट मी घेतलं नाही, पण पैसे दिले होते. पुढं कोरोना आला आणि त्याचा फोन लागायचा बंद झाला.

२०२२ च्या नोव्हेंबरात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो ते खरं तर मुलीच्या स्कॉलरशिपसाठी. तिथल्या कल्याण संघटक साहेबांना सहज ती झेरॉक्स दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बघितली आणि विचारलं, "हवालदार, पंधरा ऑगस्टला कुठलं पोस्ट उघडं असतं?" पावतीवर तारीख होती १५.०८.२०१७. चोवीस वर्षं त्या दिवशी झेंड्याला सॅल्यूट केला आणि पाच वर्षं तो कागद घरात होता, माझ्या डोळ्याला दिसला नाही. अपील कधी गेलंच नव्हतं.

नुकसान नुसतं ७५ हजारांचं नाही, ते नीट समजून घ्या. डिसॅबिलिटी एलिमेंट म्हणजे अपंगत्वासाठी पेन्शनवर मिळणारी जादा रक्कम, माझ्या वेळच्या नियमात १०० टक्क्याला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. त्या नियमात २० टक्के मंजूर झालं तर राउंड ऑफ होऊन ५० धरायचे, सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या राम अवतार निकालापासून मुदत पूर्ण करून आलेल्यांनाही ते लागू झालं. पगार ४० हजार धरा, म्हणजे महिन्याला ६ हजार, वर महागाई वेगळी. पण उशिरा केस टाकली की मागचे एरिअर्स साधारण तीनच वर्षांचे मिळतात, हा २००८ चा तरसेम सिंग निकाल. मी केस टाकली सप्टेंबर २०२३ ला, म्हणजे फेब्रुवारी २०१७ ते ऑगस्ट २०२० हे त्रेचाळीस महिने बुडाले. महागाई सोडून अडीच लाखाच्या वर, त्या एका खोट्या पावतीपायी.

आणि खरं काम किती स्वस्तात होतं बघा. आरटीआयला दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावली, त्यात बोर्डाचे सगळे पेपर आले आणि २००९ चा हॉस्पिटलचा कागदही, त्यावर स्पष्ट लिहिलेलं की ऑन ड्यूटी, बर्फावर पडून. पहिलं अपील साध्या कागदावर रेकॉर्ड ऑफिसला जातं, फी नाही. ते मी जानेवारी २०२३ ला स्वतः पाठवलं, सहा महिने उत्तर नाही आलं, मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलच्या (सैनिकांच्या केसेसचं न्यायाधिकरण) मुंबई बेंचला. वकिलाची फी ठरलेली, पावतीसह. त्यांनीच सांगितलं की निकालावर टक्केवारी घ्यायला वकिलांनाही बार कौन्सिलच्या नियमात बंदी आहे, मग एजंटाचे ३० टक्के कुठल्या कायद्यात बसतात? भरती होताना मेडिकल फिट असलेल्या जवानाला नंतर काही झालं तर ते सर्व्हिसमुळं नाही हे सरकारनं सिद्ध करायचं, हा २०१३ चा धरमवीर सिंग निकालही लावला. उशीर माफ झाला, २० चे ५० झाले, एरिअर्स खात्यात आले. ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी जुलै २०२५ पासून नाल्साची (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) वीर परिवार सहाय्यता योजना आहे, सैनिक कल्याण कार्यालयातच मोफत कायदेशीर मदत, जाऊन विचारा.

पैसे जमा झाल्याचं त्या एजंटाला कुठनं कळलं देव जाणे. अकराव्या दिवशी माझ्या सहीचा चेक बँकेत आला, १ लाख ८० हजार, तारीख आणि आकडा दुसऱ्याच्या अक्षरात. नशीब, २०२३ मध्येच तिन्ही चेकचे नंबर देऊन बँकेत स्टॉप पेमेंट केलं होतं आणि पोलिसांत तक्रारीतही नंबर लिहिले होते. चेक परत गेला, आता त्याच्या वकिलाची नोटीस आलीय, आमच्या वकिलांनी उत्तर दिलंय. बाकीचे दोन चेक अजून त्याच्याकडंच आहेत, आणि माझी डिस्चार्ज बुकसुद्धा.

ज्यांनी ज्यांनी अशा कुणाला कोरे चेक दिलेत त्यांनी चेकबुकचं काउंटरफॉइल शोधा, नंबर बँकेला आजच लेखी कळवा, पोच घ्या. त्या नाईकाला फोन केला होता, तो म्हणतो "दादा, माणूस तसा वाटत नाही." उद्या सकाळी त्याच्या घरी जातोय, ती झेरॉक्स सोबत घेऊन. त्याच्या अपीलच्या सहा महिन्यांतले अजून सात आठवडे शिल्लक आहेत.