थंडीतला हीटर: स्ट्राँग हायब्रिड की माइल्ड?

आमचे दाजी रोज पहाटे कोल्हापुरातून पन्हाळ्याला जातात. गाडी स्ट्राँग हायब्रिड घ्यावी की माइल्ड, यावर त्यांचं अडलंय. हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड. स्ट्राँग काही वेळ नुसत्या मोटरवरही चालते, माइल्डमध्ये मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते.

ऊब दोन्हीत मुख्यतः इंजिनाच्या तापलेल्या कूलंटमधूनच (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातून) येते. त्यामुळं पहिली काही मिनिटं दोन्हीकडं गार वारा.

खरा फरक पेट्रोलचा. स्ट्राँग हायब्रिड इंजिन बंद ठेवून पेट्रोल वाचवते. पण हीटर लावला की कूलंट गरम ठेवायला इंजिन मध्येच सुरू होतं, गाडी दसरा चौकात सिग्नलला उभी असली तरी. हा बिघाड नव्हे, घाबरू नका. माइल्डमध्ये चालत्या गाडीचं इंजिन सुरूच असतं, ऊब आयती मिळते.

काचेचं मात्र उलटं. शिवाजी पुलावर धुक्यात काच आतून धुरकटते, तेव्हा हवा कोरडी करायला एसी लागतो. स्ट्राँगमध्ये त्याचा कंप्रेसर बॅटरीवर चालतो. माइल्डमध्ये तो सहसा इंजिनाच्या पट्ट्यावर. इंजिन थांबलं की तोही थांबतो.

वर्षभर शहरातल्या गर्दीत फिरणाऱ्यानं स्ट्राँगच घ्यावी, हीटर इथं लागतो किती दिवस? दाजींसारखं मोकळ्या रस्त्यावर जाणं आणि बजेट आखडतं असेल, तर माइल्ड पुरे.