४८ व्होल्टचा दिवा बंद होता आणि मी बघत होतो

सेकंडहँड माईकपायी माझे ४६,५०० रुपये बुडाले. ५,००० टोकन, ३०,००० यूपीआयने आणि ११,५०० रोख. 'थोडे रोख दे दादा, पाचशे कमी करतो' असं विकणारा म्हणाला म्हणून रोख. पाचशे रुपये वाचवले मी!

माईक न्यूमन कंपनीचा टीएलएम १०३, स्टुडिओतला कंडेन्सर माईक. जाहिरातीतली 'स्टुडिओ बंद करून गावी चाललोय' ही कहाणी तुम्हाला पाठ असेल. मलाही होती. तरी ठाण्याहून पनवेल गाडी धरून कोपरखैरण्याला गेलो. वन-रूम किचन, भिंतींना फोम, टेबलावर नीट गुंडाळलेल्या केबल. केबल अशा गुंडाळणारा माणूस चोर असेल असं वाटतं का कुणाला?

त्याने माईक स्वतःच्या इंटरफेसला, म्हणजे माईक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीला, लावला आणि हेडफोन माझ्या कानावर चढवला. 'हॅलो, चेक' म्हटलं, तर माझाच आवाज भरदार, रेडिओवाल्यासारखा. तेव्हाच इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण दिसलं. दिवा लागलेला नव्हता. कंडेन्सर माईकला फँटम पॉवर, म्हणजे केबलमधून येणारी ही ४८ व्होल्टची वीज, लागते, त्याशिवाय हा माईक मुका, हा रेकॉर्डिंगच्या क्लासमधला पहिला धडा. आणि मी काय विचार केला? दिवा गेला असेल!

बरं, तो भरदार आवाजही माईकचा नव्हता. चॅनेलवर ईक्यू, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब असे आवाज सजवणारे प्लगइन आधीच चढवून ठेवलेले. ते सगळे बंद करून कोरा आवाज ऐकायचा, हे मला सुचलं नाही. मी मूर्ख नाही. अभंगाचं रेकॉर्डिंग चार दिवसांवर होतं, घाई होती.

घरी ४८ चालू केलं, बंद केलं, फरक शून्य. गेन, म्हणजे आवाज वाढवायचं बटण, शेवटपर्यंत फिरवला तेव्हा कुठे पातळी मिळाली, सोबत खरखर. टीएलएम १०३ कार्डिऑइड आहे, म्हणजे मुख्यतः पुढचं ऐकणारा, मागून बोललं तर आवाज पडायला हवा. इथे पुढून-मागून सारखाच. शेवटी जाळी उघडली, तर स्क्रूड्रायव्हरचं टोक आत आवाज पकडणाऱ्या कॅप्सूलला चिकटलं. लोहचुंबक! म्हणजे कंडेन्सर नाहीच, चुंबकावर चालणारा, फँटम न लागणारा साधा डायनॅमिक, तोंड वर करून बसवलेला. वजनासाठी तळाशी लोखंडाचा तुकडा डकवलेला.

आई म्हणाली, "हेच शिकायला क्लासची फी भरलीस?"

बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तर माल हातात घेऊन बघितलात ना, मग हे सायबर कसं? घराजवळच्या चौकीत सांगितलं, व्यवहार खाडीपलीकडचा, तिकडे जा. तिकडे गेलो तर पैसे ठाण्याच्या खात्यातून गेले, तिकडेच जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, असं म्हणालो. साहेबांनी वर पाहिलं. "वकील आहात का?" मग माईक हातात घेऊन, "आवाज येतो ना यातून? मग फसवणूक कसली?" तीन फेऱ्या, दोन अर्ज, पोच एकाचीही नाही.

इंटरफेस आणि हेडफोन आपलेच न्या. आधी फँटम बंद ठेवून बोला. कंडेन्सर बोलला तर उठून चालू लागा. सिरीयल नंबर पैसे देण्याआधी कंपनीला पाठवा, माझ्यासारखा नंतर नाही. आणि रोख? अजिबात नाही.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. तीच निळी चादर, तोच फोटो. किंमत ४४,०००.