टँकवाला प्रिंटर-स्कॅनर: परभणीत अकरा महिने वापरल्यावर

टँकवाला म्हणजे बाटलीतली शाई थेट मशीनच्या टाकीत ओतायची तो. गेल्या जुलैत घेतला, आता जून लागला. काल स्टेटसचं पान काढलं, त्यावर आकडा आला 3,812. एवढी पानं छापून झाल्यावर बोलायला हरकत नाही म्हणून लिहिते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. वर्गात 34 लेकरं. आठवड्याला दोन-तीन कार्यपत्रिका तरी लागतातच, वर घरात दोन मुलांचे प्रोजेक्ट आणि सासऱ्यांचे सातबारे. इतकी वर्षं सगळं झेरॉक्सच्या दुकानावर चालायचं. प्रिंटला 5 रुपये, पुढच्या झेरॉक्सला 2. पैशाचं एक वेळ सोडा, पण "मॅडम, सर्वर डाऊन हाय, दुपारून या" हे ऐकून ऐकून कंटाळले होते. पेनड्राइव्ह तिथून परत आला की व्हायरस सोबत, आणि जुन्या फाँटमध्ये टाईप केलेल्या जोडाक्षरांच्या जागी चौकोन.

घेताना घरात दोन आठवडे खल झाला. आमच्या ह्यांचं म्हणणं लेझर घेऊ, शाई सुकायची भानगड नाही. मुद्दा खरा आहे. लेझरमध्ये पावडर असते, ती सहा महिने पडून राहिली तरी बिघडत नाही. पण ती पावडर कागदावर वितळवून बसवायला आत फ्युजर तापतो आणि तेवढ्यापुरती काही शे वॅट वीज लागते. आमच्याकडे उन्हाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि घरचा इन्व्हर्टर पंखे-दिव्यापुरता. टँकवाला इंकजेट छापताना एखाद्या एलईडी बल्बएवढाच भार घेतो, इन्व्हर्टरवर निवांत चालतो. शिवाय आमच्या बजेटमधले लेझर फक्त काळंपांढरं छापणारे, आणि पहिलीच्या लेकरांना लाल टोमॅटो लालच लागतो.

तीन-चार हजारांत मिळणारे काड्रिजवाले (शाईची डबी संपली की डबीच बदलायची ते) मात्र चुकूनही घेऊ नका. शेजारी आहे एक. छोट्या काड्रिजमध्ये शे-दीडशे पानं निघतात, आणि दोन-चार काड्रिजांत मशीनच्या किमतीएवढे पैसे जातात. सध्या त्या प्रिंटरवर इस्त्रीचे कपडे ठेवलेले असतात.

शेवटी टँकवाला ऑल-इन-वन घेतला, वायफायसकट 12,800 ला. एप्सन, कॅनन, एचपी तिघांचीही या किमतीच्या आसपासची मशीनं आहेत. माझं कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही, कारण खालच्या बहुतेक गोष्टी तिघांनाही लागू आहेत. दुकानात एक प्रश्न मात्र नक्की विचारा: काळी शाई पिगमेंट की डाय? दुकानदाराला बहुतेक सांगता येत नाही, बाटलीच्या खोक्यावर बघायचं. पिगमेंट कागदावर बसून राहते, डाय पाण्यात विरघळते. माझ्या मशीनमध्ये काळी पिगमेंट आणि बाकी तीन रंग डाय. ऑगस्टात एका पोराचं दप्तर ओढ्यात भिजलं. कार्यपत्रिकेवरची अक्षरं जशीच्या तशी होती, टोमॅटोचा मात्र पानभर रस्सा झाला होता. पोरगं रडत म्हणालं, "मॅडम, माझंच टमाटं कामून फुटलं?"

शाईचा हिशोब सांगते. काळ्या बाटलीवर 6,000 पानं लिहिलेली. ती ठराविक नमुन्याच्या पानांवर मोजतात, साधारण कागदाच्या शंभरातला पाच भाग काळा धरून. माझं पान तसं नसतं. पहिलीच्या लेकरांसाठी 'क' काढायचा तर 72 पॉइंटचा आणि ठळक, वर शिरोरेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत. शिवाय पहिल्यांदा शाई भरली की बरीचशी नळ्या आणि हेड (कागदावर शाई सोडणारा भाग) भरण्यातच जाते. मशीनसोबत आलेली काळी बाटली मला 3,400 पानांना पुरली. दुसरी 640 ला आणली. म्हणजे पानाला शाई 19 पैसे. आणि कागद? 75 जीएसएम जाडीचं 500 कागदांचं रीम 290 ला, म्हणजे 58 पैसे. शाईपेक्षा कागद तिप्पट महाग, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. सगळे शाईवरच भांडत बसतात.

एवढं करून मशीनचे पैसे फिटले का, तर नाही. बाहेर 2 रुपयांनी धरलं तरी आतापर्यंत साडेचार हजार वाचले असतील. चाचणीच्या पेपरांचे 200-200 कागद मी अजून दुकानातच देते, त्यांचं मोठं मशीन ते चहा होईस्तोवर काढून देतं.

आता मे महिन्याचं रामायण. सुट्टी लागली, आम्ही माहेरी अंबाजोगाईला गेलो, चांगले 22 दिवस. परभणीच्या उन्हाबद्दल मी वेगळं काय सांगू. बंद घरात, पत्र्याखालच्या खोलीत प्रिंटर भाजत होता. त्यात माझी चूक अशी की निघताना मशीनचं बटन न दाबता थेट भिंतीवरचा स्विच बंद केला. मशीनच्या बटनाने बंद केलं की हेड कोपऱ्यात जाऊन आपल्या झाकणावर बसतं. तोंड झाकलेलं राहतं, शाई वाळत नाही. मी शेवटचं पान निघतंय तोवरच वीज तोडली होती, हेड मधेच उघडं राहिलं. परत आल्यावर पिवळा रंग गायब, निळ्यात पांढऱ्या रेघा. हेड क्लीनिंग दोनदा केलं, फरक शून्य. लागोपाठ क्लीनिंग करत बसू नका, प्रत्येक वेळी शाई आतल्या पॅडमध्ये ओतली जाते आणि ते पॅड भरलं की वेगळाच खर्च. मी रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी एकदा केलं, तेव्हा पिवळा आला. निळ्याची एक रेघ अजून अधूनमधून दिसते. आता दर रविवारी नोझल चेकचं, म्हणजे हेडची सगळी छिद्रं चालू आहेत का बघायचं, एक रंगीत पान काढते, ते पाठकोरं म्हणून वापरतो. लाईट गेली तर इन्व्हर्टर असतोच, पण काम झालं की आधी मशीनचं बटन, मग भिंतीवरचं.

छोट्या कटकटी भराभर सांगते. वायफाय फक्त 2.4 गिगाहर्ट्झचं चालतं. आमच्या राउटरवर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ दोन्हीचं नाव एकच होतं, जोडणी होईना. दोन्ही नावं वेगळी केली तेव्हा जमलं, एक रात्र गेली त्यात. पाठपोट छपाई आपोआप होत नाही, गठ्ठा हाताने उलटावा लागतो. पहिल्या दिवशी 40 पानांची मागची बाजू डोक्यावर उभी आली. पावसाळ्यात कागद सर्द होतो आणि दोन-दोन ओढले जातात, गठ्ठा पत्त्यांसारखा पिसून ठेवायचा. कागदाचा ट्रे मागून वर उघडा असतो, त्यात धाकट्याचं खोडरबर पडलं. दुरुस्तीवाला सांगितल्याच्या सहाव्या दिवशी आला, मशीन उलटं करून हलवलं, खोडरबर काढलं आणि गेला. तेव्हापासून वर जुनी उशीची खोळ.

खरं सांगायचं तर छपाईपेक्षा स्कॅनरने जास्त कामं केली, आणि घेताना त्याच्याकडे मी बघितलंही नव्हतं. मोबाईलने फोटो काढला की सावली पडते, कडा तिरप्या येतात. काचेवर कागद सपाट दाबला जातो. ऑनलाईन अर्जांना तर रोज नवा हट्ट. बँकेच्या परीक्षेसाठी भाच्याला फोटो 20 ते 50 केबी आणि सही 10 ते 20 केबीत हवी होती. 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके, जितके जास्त तितकं बारीक दिसतं) रंगीत स्कॅन केलं की फाईल फुगते. अपलोडसाठी 150 डीपीआय आणि ग्रेस्केल (राखाडी छटांतलं) ठेवा, बहुतेक कागदपत्रं मर्यादेत बसतात. घरात जपायची प्रत मात्र वेगळी, 300 रंगीत.

याचं महत्त्व कळलं ते आप्पांच्या पेटीमुळे. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून आमच्याकडे घरोघर जुन्या पेट्या उघडल्या. सासऱ्यांच्या पेटीत निजामाच्या काळातले उर्दूतले कागद, मोडीतलं एक पत्र, 1954 च्या खासरा पत्रकाची (जमिनीच्या जुन्या नोंदींची) नक्कल, खरेदीखतं. घडीवर फाटलेले, हातात घेतला की भुगा. आप्पा काचेकडे संशयाने बघत म्हणाले, "आतला उजेड कागद जाळायचा नाई ना गं?" पहिला कागद मी काळापांढरा स्कॅन केला, तर शाईचा शिक्का नुसता डाग होऊन बसला. रंगीत 300 ला केला तेव्हा शिक्क्याखालची सही वेगळी दिसली. आप्पांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाले, "ही आज्ज्याची सही. मी नुसतं ऐकून होतो."

इथेच मशीनची खरी उणीव कळली. काच ए-फोरची, म्हणजे 297 मिलिमीटर लांब. खरेदीखताचा कागद लीगल किंवा त्याहून लांब. खालच्या चार ओळी आणि साक्षीदारांचे अंगठे काचेबाहेर राहतात. वरून कागद ओढून घेणारी, फीडरवाली मशीनं लीगल घेतात, पण त्यांना पैसे जास्त लागतात, आणि सत्तर वर्षांचा फाटका कागद मी रोलरमध्ये कधीच घालणार नाही. म्हणून वरचा अर्धा, खालचा अर्धा असे दोन स्कॅन करते, मधे चार बोटं दोन्हीत येतील असं ठेवते आणि मग जोडते. झाकण पूर्ण बसत नाही, त्यावर शब्दकोश ठेवते. जाड वहीची शिवणीजवळची अक्षरं मात्र धूसरच येतात. या स्वस्त स्कॅनरला काचेपासून जरा वर उचललेलं काही नीट दिसत नाही.

दर रविवारी नोझल चेकचं पान निघालं की आप्पा पेटी घेऊन येऊन बसतात. बेचाळीस कागद झाले. परवाच्या खरेदीखताचा खालचा अर्धा राहिलाय.