हतनूरच्या पाण्यावर वेफेअरर: दोन हिवाळ्यांनंतर

घरच्यांसाठी शिडाची होडी केबिनवाली घ्यावी की उघडी, हा प्रश्न आमच्यापुढेही होता; आम्ही उघडी घेतली, वेफेअरर जातीची. केबिनवाली होडी मीही पाहिली होती, मुंबईत. मुलं तर आत शिरून बाहेरच येईनात. पण आमचं पाणी म्हणजे भुसावळजवळचं, तापीवरचं हतनूर धरण. या धरणात गाळ फार. चांगदेवच्या बाजूला काठापासून बरंच आत गेलं तरी वल्हं चिखलाला लागतं. म्हणून होडी बघताना मी एकच विचारायचो, मधली फळी (होडी कडेला सरकू नये म्हणून तळातून पाण्यात सोडतात ती) वर घेतली की किती खोल पाणी लागतं?

वेफेअररला जेमतेम २० सेंटिमीटर. फळी सोडली की १.१७ मीटर. इयान प्रॉक्टरने १९५७ साली आखलेली ही ४.८२ मीटरची उघडी होडी. नुसत्या सांगाड्याचं वजन १६९ किलो. आमची जुनी, दुसऱ्या हातची. कसारा घाट, मालेगाव, धुळे करत साध्या गाडीमागे ट्रेलरवर भुसावळपर्यंत आली. काठावर उतरवायला आणि ओढायला आम्ही चौघं पुरतो, चिखलात फळ्या टाकून. केबिनवालीला हे जमलं नसतं.

कॉलेजात एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये मी एंटरप्राइज जातीची छोटी शिडाची होडी चालवली आहे. ती चपळ, पण दोन मुलं आणि डबे घेऊन बसायला अडचणीची. वेफेअररमध्ये बामणोदची वांगी, कळण्याचं पीठ, पाण्याचे कॅन, सगळं पुढच्या-मागच्या कप्प्यांत मावतं. संध्याकाळी साडूच्या शेताच्या कडेला होडी लावायची, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची. डिसेंबरातल्या भरिताची चव पाण्यावरून आल्यावर वेगळीच लागते, हे मी मनापासून सांगतो. रात्री बूमवर, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्यावर, ताडपत्री टाकली की तंबू. फळीच्या पेटीच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस पाय पसरून झोपतो. दोघंच. चौघांना होडीतच झोपायचं असेल तर ही घेऊ नका. आमच्यात मी आणि मुलगा होडीत, सौ. आणि धाकटी शेतातल्या खोलीत.

आता खोट. बूम खाली आहे. पहिल्याच दिवशी वारा फिरला आणि ती धाकटीच्या टोपीला घासून गेली. सौ. ओरडल्या, "अहो, आधी तिला खाली बसवा!" तेव्हापासून होडी वळवण्याआधी मी मोठ्याने सांगतो आणि सगळे वाकतात. दुसरं म्हणजे उलटली तर ही जड. आम्ही मुद्दाम उथळ पाण्यात उलटवून पाहिली, तर डोलकाठीचं टोक गाळात रुतलं. सरळ करायला मोठी दोन माणसं आणि अर्धा तास लागला. डोलकाठीच्या टोकाला तरंगणारा फुगा बांधा, आणि लाइफ जॅकेट काठावरच घाला.

फ्रँक डाय हा इंग्रज दर्यावर्दी १९६३ मध्ये याच जातीच्या होडीतून स्कॉटलंडहून आइसलँडला गेला. आम्हाला तापी-पूर्णेच्या संगमापर्यंत जाऊन परत यायचं असतं, तेही पाटबंधारे खात्याची परवानगी घेऊन आणि फक्त दसऱ्यानंतर. पावसाळ्यात धरणाचे ४१ दरवाजे उघडायला लागले की होडी साडूच्या गोठ्यात. सध्या तिथेच आहे. फळीला वार्निशचा दुसरा हात बाकी आहे.