लहान मुलांसोबत मुंबईचा एक दिवस: घारापुरी की वस्तुसंग्रहालय?

घारापुरी (एलिफंटा) बेटावरची लेणी असोत की वस्तुसंग्रहालय, दोन्हींची सुरुवात गेटवे ऑफ इंडियापाशीच, त्यामुळे गोंधळ होतो. पण मुलं पाच वर्षांच्या आतली असतील तर फरक मोठा आहे.

वेळ: घारापुरीला लाँचने जायला तासभर, यायला तासभर, शिवाय लाँच भरेपर्यंत थांबणं. म्हणजे अख्खा दिवस. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गेटवेपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. दोन-तीन तासांत पुरतं.

दमणूक: खरी मेख इथेच आहे. घारापुरीच्या जेट्टीपासून छोटी गाडी पायथ्यापर्यंत नेते, पुढे शंभरावर पायऱ्या. बाबागाडी तिथे निव्वळ ओझं, पाठीवर बांधायची झोळी घ्या. पायऱ्यांच्या दुतर्फा दुकानं. मूल प्रत्येक दुकानापाशी अडतं आणि चढण लांबते. माकडं हातातला बिस्किटाचा पुडा सरळ ओढून नेतात, म्हणून खाऊ चेन लावलेल्या पिशवीत ठेवा आणि माकडांसमोर उघडू नका. वस्तुसंग्रहालयात सावली आणि स्वच्छतागृह दोन्ही हाताशी.

खर्च: लेण्यांत 15 वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, पण लाँचचं भाडं जोडलं की घारापुरीच महाग पडते.

मजा: लेण्यांतलं त्रिमूर्तीचं शिल्प भव्य, पण तीन वर्षांच्या मुलाला लाँचमागचे सीगल (हिवाळ्यात) जास्त आवडतात. संग्रहालयात भुसा भरलेले प्राणी-पक्षी आधी दाखवा, चित्रं नंतर.

घारापुरी सोमवारी बंद, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँचही बंद.

मूल सहा-सातच्या पुढचं, पायऱ्या स्वतः चढणारं असेल तर हिवाळ्यात सकाळच्या पहिल्या लाँचने घारापुरी. दुपारी झोपणारं मूल किंवा गुडघे दुखणारे आजी-आजोबा सोबत असतील तर संग्रहालय. बोटीची हौस गेटवेहून निघणाऱ्या बंदरफेरीत भागते.