मतलेख पोर्टलला द्यावा की दैनिकाला?

वकिली व्यवसायातल्या चालू प्रश्नांवर लिहायचं ठरवलंत की पहिला पेच हाच: इंग्रजी कायदेविषयक पोर्टल, की मराठी दैनिकाचं संपादकीय पान? मी दोन्हीकडे लिहिलंय.

पोर्टलवर जागेची ओढाताण नाही, कलमं उलगडून सांगावी लागत नाहीत. वेगही आहे. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या दुरुस्तीचा मसुदा फेब्रुवारी 2025 मध्ये आला आणि वकिलांच्या विरोधामुळे त्याच महिन्यात मागे घेतला गेला. रविवार पुरवणीची वाट बघत बसलेल्यांचा विषय शिळा झाला असणार.

माझं मात्र एका गोष्टीवरून बिनसलं. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलांच्या शिखर संस्थेने, परिपत्रक काढलं: ज्युनिअर वकिलाला दरमहा शहरात 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये स्टायपेंड द्यावा. त्यावर मी लिहिलं, की तालुका कोर्टात पेट्रोलचे पैसे सुटले तरी ज्युनिअर गप्प बसतो, कारण सिनिअरच्या हातात काय पडतं ते तो रोज बघत असतो. पोर्टलकडून विचारणा आली, 'याला आधार काय?' आता बार रूममधल्या गप्पांना सायटेशन कुठून आणायचं? तो परिच्छेद गेला. उरलं परिपत्रक, ते तर सगळ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलंच होतं. हे एका पोर्टलचंही असेल, पण माझा उत्साह तिथेच ओसरला.

दैनिकाने नेमका तोच परिच्छेद वर घेतला. अर्थात तिथे मथळा तुमचा नसतो आणि जागा कमी पडली की कात्री शेपटाला लागते. म्हणून 'ही शिफारस आहे, सक्ती नाही' असली वाक्यं दुसऱ्याच परिच्छेदात उरकून टाकावीत.

कुठेही लिहा, बार कौन्सिलचा वकिलांसाठीचा जाहिरातबंदीचा नियम 36 लक्षात असू द्या. लेखाखाली 'अमुक विषयातले तज्ज्ञ' आणि मोबाइल नंबर नको. स्वतःच्या चालू प्रकरणावर तर नकोच.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतल्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यातल्या) एखाद्या कलमाचा कीस काढायचा असेल तर खुशाल पोर्टलकडे जा. पण मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झालं, त्याने सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांचा मुंबईचा हेलपाटा खरंच वाचला का, हे लिहायचं असेल तर मी तरी दैनिकच धरीन. चुकीचं लिहिलं तर सांगली-साताऱ्याचा वाचक दुसऱ्या दिवशी फोन करून सांगतो.